ओल्या उपम्याची बाटली

टायफॉइड गेला तो नानांची भूक बरोबर घेऊन गेला. ताप उतरून दहा दिवस झाले तरी माझे वडील चहात बुडवलेल्या दीड बिस्किटापलीकडे जाईनात. विनयाने, म्हणजे माझ्या बायकोने, मऊ भात केला, मुगाचं कढण केलं, मेतकूट-तूप करून पाहिलं. नाना प्रत्येक वाटीकडे सभ्यपणे बघत आणि "ठेव" म्हणत. ठेवलेलं संध्याकाळी मी खात असे. त्यामुळे घरातलं एकूण वजन तेवढंच राहिलं, फक्त त्याची वाटणी चुकत गेली. शेवटी डॉक्टरांनी नानांना काट्यावर उभं केलं. काटा त्रेचाळीसवर थांबला. डॉक्टर म्हणाले, "आठवड्याभरात वजन वाढलं नाही तर पुन्हा अ‍ॅडमिट करायचं, सलाईन लावायचं. त्यांना जे खावंसं वाटेल ते द्या. काय वाटेल ते."

रिक्षा आचोळ्याच्या नाक्याशी आली. नाना म्हणाले, "मी परत तिथे जाणार नाही. गेलो तर येणार नाही."

मी घाबरलो. आज हे सगळं मी हसत सांगतो, तेव्हा हसू येत नव्हतं. मी विचारलं, "मग तुम्ही खाणार तरी काय?"

नानांनी थोडा विचार केला. "ओला उपमा," ते म्हणाले.

ओला उपमा म्हणजे काय हे सांगायला हवं, कारण तो वसई तालुक्यात एकाच ठिकाणी मिळायचा. स्टेशनच्या रस्त्यावर हॉटेल मधुरा होतं. जगातला उपमा वाटीने पाडलेल्या मुदीसारखा बशीत बसतो. मधुरातला बसायचा नाही, पसरायचा. खोलगट ताटलीत, विटेसारखा लाल, चमच्याने भुरकण्याइतका पातळ, वर केळ्याचे पाच-सहा वेफर्स आणि लिंबाची फोड. वाफ अशी की सर्दी झालेल्या माणसाने नुसतं समोर बसावं. निवृत्त झाल्यापासून नानांचं सकाळचं फिरणं तिथेच संपायचं. मीही चार-सहा रविवारी खाल्ला होता. गेल्या दिवाळीत मधुरा बंद झालं आणि त्या जागी इंग्रजी बोलायला शिकवणारा क्लास आला.

"उपमाच ना? त्यात काय आहे!" मी म्हणालो. माणसाने असं वाक्य स्वयंपाकाबद्दल कधी बोलू नये. निदान बायको ऐकत असताना तरी बोलू नये.

"मग तूच कर," विनया म्हणाली.

मी केला. माझा सिद्धांत सोपा होता: उपमा अधिक पाणी बरोबर ओला उपमा. बाहेर आली ती खळ. निवडणुकीच्या दिवसांत भिंतींवर पोस्टरं चिकटवायला ती फार उपयोगी पडली असती. दुसऱ्या दिवशी विनयाने दया येऊन सूत्रं हातात घेतली आणि रंगासाठी टोमॅटो घातले. उपमा गुलाबी झाला. तिसऱ्या दिवशी काश्मिरी मिरची घातली, तर रंग साधारण आला पण चव होळीच्या रंगाची लागली. नाना प्रत्येक वेळी एक चमचा घेत, डोळे मिटत, आणि उघडून म्हणत, "हा नव्हे." त्यात राग नसे. तीस वर्षं सरकारी नोकरी केलेला माणूस अर्ज परत करतो तशी ती एक नोंद असे.

तोवर ही बातमी उन्नती को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटीच्या चारही मजल्यांवर पोचली होती. आमच्या सोसायटीत पाण्याच्या टाकीवर एकमत व्हायला तीन वर्षं लागली होती, पण उपम्यावर मतं तीन तासांत गोळा झाली. समोरच्या आर्याच्या आईने गाजराचा कीस सुचवला. वरच्या मजल्यावरून सांबार मसाल्याची वाटी उतरली. सेक्रेटरी टिळेकर स्वतः आले, खुर्चीवर बसले आणि गंभीरपणे म्हणाले, "पोंक्षे, मूळ प्रश्न रवा बारीक की जाड हा आहे. तो तुम्ही टाळताय." मी काहीच टाळत नव्हतो. मी दोन्ही रवे, गाजर आणि सांबार मसाला एकाच पातेल्यात घातले. शिवाय कोणीतरी सांगितलं म्हणून बीट घातलं. तो उपमा लग्नातल्या शालूच्या रंगाचा झाला आणि विनयाने त्याचा फोटो काढून ठेवला. खाल्ला कोणीच नाही.

चार दिवस गेले होते. नानांचा शर्ट त्यांच्या अंगावर हँगरवर असल्यासारखा दिसायला लागला होता. अंदाज पुरे झाले, आता मूळ माणूस गाठायचा, असं मी ठरवलं.

मधुराच्या मालकांनी गाव सोडलं होतं. पण तिथला वेटर आलोशियस राजोडीच्या किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात लागला असल्याचं कळलं. रविवारी मी राजोडी गाठली. मुंबईहून सहलीला आलेल्या पन्नास माणसांना एकाच वेळी भूक लागली होती आणि आलोशियस दोन्ही हातांत तीन-तीन ताटं घेऊन धावत होता. मी त्याच्या मागे धावत विचारत होतो.

"ओला उपमा? तो सॅन्टन करायचा, आमचा कुक!" तो ओरडला. "सोप्पा आहे! रवा भाजायचा, कांदा, पानी, आनि दोन चमचे बाटली!"

"दोन चमचे काय?"

"बाटली, बाटली! बाटलीशिवाय त्या उपम्यात काय नाय!"

मी थबकलो. पुढच्या फेरीला त्याला पुन्हा गाठलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "कोणती बाटली?"

"घरची हो. सॅन्टन पापडीहून आनायचा. बिअरची काली बाटली असते ना, ती. फडक्यात गुंडालून आनायचा, कपाटात ठेवायचा. जुनी झाली की आनखी मजा येते तिला."

"बाहेर विकत मिळते का?"

"मिलते की. पन घरच्यासारखी नाय," आलोशियस म्हणाला आणि कोळंबी घेऊन निघून गेला.

मी वाळूत बसलो. ओली पार्टी, सुकी पार्टी हे शब्द ऑफिसात मी रोज ऐकत होतो. सुकी म्हणजे वेफर्स आणि थंड पेय, ओली म्हणजे बाटलीवाली. ओली पार्टी म्हणजे काय हे कळणाऱ्या मला ओला उपमा म्हणजे काय हे इतकी वर्षं कळलं नव्हतं! सॅन्टन पापडीचा ख्रिस्ती, बाटली बिअरची, तीही घरची, तीही फडक्यात गुंडाळून, कपाटात लपवून. सगळं कसं चपखल बसत होतं. मला स्वतःच्या बुद्धीचं कौतुक वाटलं आणि पाठोपाठ अंगावर काटा आला. कारण माझे वडील दारूबंदी खात्यात तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झाले होते.

ज्यांनी आयुष्यात खोकल्याच्या औषधाचं लेबलसुद्धा वाचल्याशिवाय औषध घेतलं नाही, ते नाना रोज सकाळी साडेसातला दोन चमचे बिअर पीत होते! म्हणजे ही भूक गेलेली नव्हतीच. ही तलफ होती. विनयाला मी हे सांगितलं तेव्हा तिने हातातलं लाटणं खाली ठेवलं.

"नानांना कळलं तर?" ती म्हणाली.

"कळू द्यायचं नाही. डॉक्टर काय म्हणाले? काय वाटेल ते द्या."

"दोन चमच्यांनी काही होत नाही ना?"

"शिजवल्यावर उडून जाते," मी म्हणालो. हे मी कुठे वाचलं होतं कोणास ठाऊक, पण त्या आठवड्यात मी अनेक गोष्टी अशाच ठामपणे बोललो.

आता बिअर आणायची. दुसऱ्या कोणीही सरळ दुकानात जाऊन आणली असती. पण दारू घ्यायला परवाना लागतो हे मी पाळण्यातून ऐकत आलो होतो. दारूबंदीवाल्याच्या मुलाने बिनपरवान्याची बाटली घेणं म्हणजे हेडमास्तरांच्या मुलाने कॉपी करणं. मी अर्धा दिवस रजा टाकली, फोटो काढले, रेशनकार्डाची झेरॉक्स घेतली आणि एका कार्यालयात गेलो. कोणत्या, ते सांगत नाही, कारण तिथल्या माणसांचा काहीच दोष नव्हता. खिडकीतल्या गृहस्थांनी अर्ज वाचला, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचला.

"कारणाच्या रकान्यात काय लिहिलंय हे?"

"उपमा."

"इथे 'प्रकृतिस्वास्थ्यासाठी' लिहायचं असतं."

"पण मला उपम्यासाठीच हवी आहे. खोटं कशाला लिहू?"

मागच्या रांगेत कोणीतरी हसलं. गृहस्थांनी माझं आडनाव पाहिलं आणि त्यांचा चेहरा बदलला. "पोंक्षे? पोंक्षेसाहेबांचे चिरंजीव?" ते आदराने उठून उभे राहिले. मग त्यांनी अर्जाकडे पाहिलं आणि तितक्याच दुःखाने खाली बसले. "साहेबांनी कधी सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकलं नाही हो," ते म्हणाले. एवढं बोलून त्यांनी 'उपमा' खोडून त्यावर 'प्रकृतिस्वास्थ्य' लिहिलं आणि शिक्का मारला. मी मान खाली घालून बाहेर पडलो. कायदा पाळल्यामुळे इतकी शरम वाटल्याचा प्रसंग माझ्या आयुष्यात दुसरा नाही.

बाटली मी वर्तमानपत्रात गुंडाळून, पिशवीत घालून, पिशवीवर मेथीची जुडी ठेवून घरी आणली. नाना झोपलेले बघून दार लावलं, रवा भाजला, कांदा परतला, आणि उकळत्या पाण्यात दोन चमचे बिअर घातली. काहीच झालं नाही. रंग जसा होता तसाच राहिला. मी आणखी दोन चमचे घातले. मग विचार केला की घरची कडक असणार, दुकानातली सौम्य, म्हणून एक पेला ओतला. आता मात्र झालं. पातेल्यातून फेस उठला, काठावर आला, काठ ओलांडून शेगडीवर उतरला, शेगडी विझली आणि स्वयंपाकघरात असा वास पसरला की विनयाने पदर नाकाला लावला. आम्ही दोघांनी अर्धा-अर्धा चमचा चाखला. कारल्याच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा मी कधी खाल्लेला नाही, पण आता खायची गरज उरली नाही.

त्याच वेळी आर्याची आई विरजण मागायला आली. दारात उभ्या-उभ्या तिने वास घेतला, ओट्यावरची बाटली पाहिली, माझे धुराने लाल झालेले डोळे पाहिले. "नंतर येते वहिनी," ती फार हळू म्हणाली. विरजण न घेताच ती गेली.

संध्याकाळपर्यंत उन्नतीमध्ये सर्वांना कळलं होतं की वडिलांच्या काळजीने पोंक्षे पिऊ लागले. रात्री जेवणाआधी टिळेकर दोन सभासदांना घेऊन आले. त्यांनी आवाज इतका मऊ लावला होता की मला भीतीच वाटली. "पोंक्षे, आम्ही तुम्हाला बोल लावायला आलेलो नाही. माणसावर वेळ येते." मी उपम्याचं सांगू लागलो. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "पहिल्यांदा प्रत्येक जण काहीतरी सांगतोच," ते म्हणाले आणि टेबलावर एक पत्रक ठेवून गेले.

मी ते पत्रक फाडणार होतो. व्यसनमुक्ती मंडळ, पापडी, असं वर छापलं होतं. खाली संपर्कासाठी नाव होतं: सॅन्टन तुस्कानो, निवृत्त आचारी, चर्चच्या मागे.

मी पत्रक विनयापुढे धरलं. "म्हणजे त्याने सोडली!" मी म्हणालो. "आणि उपम्याचं रहस्यही त्याच्याबरोबर गेलं. पण कोणती कंपनी, किती जुनी, एवढं तर तो सांगेल."

"सोडलेल्या माणसाला हे विचारायचं?" विनया म्हणाली. तिचं ऐकायला हवं होतं. पण त्या सकाळी नानांनी अर्धं बिस्किटही परत केलं होतं, आणि मला दुसरं काही सुचत नव्हतं.

पापडीला सॅन्टनचं घर सापडायला वेळ लागला नाही. पुढे केळी, पडवीत बाकडं, बाकड्यावर पांढऱ्या मिशांचा, रुंद मनगटांचा माणूस. मी पत्रक दाखवताच त्याने मला शेजारी बसवलं. आतून त्याची बायको फ्लॉसी पाण्याचा तांब्या घेऊन आली.

"लाजू नका," सॅन्टन म्हणाला. "किती दिवस झाले?"

"सहा-सात दिवस चाललंय," मी म्हणालो.

"रोज?"

"रोज सकाळी. नाश्त्याला."

फ्लॉसीने कपाळाला हात लावला. सॅन्टन मात्र शांत होता. "घरात आनखी कोन घेतं?"

"मी आणि बायको चव बघतो. पण मुख्यतः वडिलांसाठी. ते आजारी आहेत, त्यांना त्याशिवाय काही जात नाही. पूर्वी रोज घ्यायचे. आता बंद झाल्यापासून खाणंच सोडलंय."

"वय काय त्यांचं?"

"अडुसष्ट."

"देवा!" फ्लॉसी म्हणाली.

"आणि मला तीच चव जमत नाही," मी पुढे म्हणालो. मग पिशवीतून उरलेली बाटली काढून मी बाकड्यावर ठेवली. "म्हणून तुमच्याकडे आलो. तुम्ही मधुरात उपम्यात घालायचात ती कोणती? ही चालेल, की दुसरी कंपनी?"

सॅन्टनने बाटलीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"उपम्यात बिअर?" तो म्हणाला. "कोन म्हनालं?"

"आलोशियस. तो म्हणाला, दोन चमचे बाटली."

सॅन्टन उठला आणि आत गेला. मला वाटलं, आता काठी घेऊन येतो. तो आला तो हातात एक काळी बिअरची बाटली घेऊन, तोंडाला बूच ठोकलेली. त्याने बूच काढलं आणि माझ्या तळहातावर बाटली झटकली. विटेच्या रंगाची बारीक पूड पडली. मिरची, धने, तीळ, खसखस, आणखी कसकसल्या गोष्टींचा वास आला, आणि तो वास मधुराचा होता. मला तीन शिंका आल्या.

"बाटली मसाला," सॅन्टन म्हणाला. "मे महिन्यात मिरची वालवायची, भाजायची, कांडायची, आनि बाटलीत ठासून भरायची. काल्या बाटलीत ऊन लागत नाय, वर्षभर टिकतो. आमच्या घरात बाटली म्हटलं की हाच. सगल्या वसईला ठाऊक आहे."

सगळ्या वसईला ठाऊक होतं. चौदा वर्षं मी इथे राहत होतो, इथला पाव खात होतो, इथली केळी खात होतो. चर्चच्या यात्रेत फुगे घेऊन फिरलो होतो. पण कोणाच्या स्वयंपाकघरात काय असतं हे मी कधी विचारलं नव्हतं.

"एकवीस वर्षं झाली, मी थेंब घेतला नाय," सॅन्टन म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागला. "एवढी वर्षं मी लोकांना रांधून घातलं. तुमी बाटली ऐकली आनि दारू समजलात. कुक दुसरा कोनी असता तर समजला असतात?"

खरं उत्तर 'नाही' असं होतं. वाळूत बसून मी जी सगळी बुद्धी चालवली होती तिचा पाया एवढाच होता की सॅन्टन पापडीचा ख्रिस्ती आहे. मला फार वाईट वाटलं. मी उठून उभा राहिलो आणि म्हणालो, "सॅन्टनभाऊ, माझं चुकलं. मी न विचारता समजलो. माफ करा." मग काय करावं ते सुचेना, म्हणून मी बिअरची बाटली उचलली आणि केळीच्या बुंध्यात ओतून टाकली. सॅन्टन बघत होता.

"केल बिघडवू नका," तो म्हणाला. पण आवाज थोडा सैल झाला होता. "तुमचे वडील कोन? मधुराला रोज येनारे?"

"पोंक्षे. पूर्वी दारूबंदी खात्यात—"

"नानासाहेब!" सॅन्टन एकदम बसला. मग त्याच्या मिशा हलायला लागल्या. तो फ्लॉसीकडे बघत होता आणि फ्लॉसी तोंडावर पदर धरून आत पळाली. हसताहसता त्याने जे सांगितलं ते असं. बारा-तेरा वर्षांपूर्वी कोणीतरी निनावी अर्ज केला होता की मधुराच्या स्वयंपाकघरात बिअरच्या बाटल्या लपवून ठेवतात. चौकशीला पोंक्षेसाहेब आले, दोन शिपाई घेऊन. कपाट उघडवलं, बाटली जप्त केली, पंचांच्या समोर बूच काढलं आणि हुंगून बघितलं. खोल श्वास घेऊन हुंगलं.

"पाव तास शिंकत होते," सॅन्टन म्हणाला. "पंच पन शिंकले. मग मी त्यांना बसवलं आनि उपमा दिला. तेव्हापासून येत, रिटायर झाल्यावर तर रोज. शेवटपर्यंत आत खिडकीशी येऊन मला सांगून जात, सॅन्टन, आज छान होता. दुसरा कोनी गिऱ्हाईक स्वयंपाकघरात डोकावत नाय."

नानांनी हे घरी कधी सांगितलं नव्हतं. सरकारी खात्याची अब्रू म्हणून नसेल सांगितलं, किंवा स्वतःची.

"किती दिवस जेवले नाय?" सॅन्टनने विचारलं. मी सांगितलं. त्याने बाटलीला बूच लावलं, फडक्यात गुंडाळली आणि चपला घातल्या.

उन्नतीच्या फाटकाशी टिळेकर उभे होते. व्यसनमुक्तीवाला माणूस काखेत बिअरची बाटली घेऊन माझ्याबरोबर येतोय हे पाहून त्यांनी काय समजूत करून घेतली ते मी विचारलं नाही. त्यांनी फक्त वाट दिली.

सॅन्टनने आमच्या ओट्याकडे एकदा बघितलं आणि गाजराचा कीस, सांबार मसाला, बीट हे सगळं एका बाजूला सारलं. रवा मंद आचेवर भाजला. कांदा घातला, पाव कच्चं केळं किसून घातलं, पाचपट पाणी, मीठ. शेवटी दोन चमचे बाटली. पातेलं विटेच्या रंगाचं झालं आणि वास बाहेरच्या खोलीत गेला. विनया ताटली शोधत होती एवढ्यात दाराशी चपलांचा आवाज आला. नाना भिंतीला धरून उभे होते. ताप उतरल्यापासून ते स्वतःहून पहिल्यांदा पलंगावरून उतरले होते.

"सॅन्टन?" ते म्हणाले.

"बसा नानासाहेब, आधी बसा."

आम्ही त्यांना खुर्चीत बसवलं. त्यांनी पहिला चमचा घेतला आणि डोळे मिटले. मी आणि विनया श्वास धरून उभे होतो. मला आठवतं, मी मनात कुठल्या-कुठल्या देवांना हाका मारल्या, आणि सॅन्टन उभा होता म्हणून त्याच्याही देवाला मारली. नानांनी डोळे उघडले. दुसरा चमचा घेतला, मग तिसरा. विनया ओट्याकडे तोंड करून रडायला लागली. मी तिला गप्प राहा म्हणून खूण केली आणि माझेच डोळे पुसले. ताटली अर्धी झाल्यावर नानांनी लिंबू पिळलं. सॅन्टनने तोवर त्यांना सगळी हकीकत सांगितली होती. बिअर, परवाना, फेस, काही सोडलं नाही. परवान्याच्या जागी नानांना ठसका लागला.

ताटली पुसून घेतल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं. "आणि सॅन्टनची माफी मागितलीस?"

"मागितली त्यांनी," सॅन्टन म्हणाला. "तुमच्यापेक्षा लवकर मागितली."

"नानांना किती वेळ लागला होता?" मी विचारलं.

"तीन प्लेटी. तीन प्लेटी खाल्ल्या, मग म्हनाले, माझी चूक झाली."

"मुद्देमाल पुरता तपासल्याशिवाय मत द्यायचं नसतं," नाना म्हणाले आणि रिकामी ताटली पुढे केली.